दहा दहा मिनिटांचे देवधर

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात देवधरांच्या घरी किती वाजलेत, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. सगळं जर्मनी रविवारी पहाटे घड्याळं एकदम तासभर मागे करी. देवधर मात्र सोमवारपासूनच सुरुवात करत आणि रोज दहा मिनिटं मागे जात. मंगळवारी त्यांच्याकडे चहाला जाऊन पाचला बेल वाजवावी, तर आत पाचाला वीस कमी असत.

युरो नवाकोरा होता तेव्हाची ही गोष्ट. एर्लांगेनला ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत आणि हॉस्पिटलची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होते.

"एकदम तासभर?" ते म्हणत. "बाळाला वरणभातसुद्धा आधी बोटभर चाटवतात. आल्झो, म्हणजे तेव्हा, अंधारही तसाच द्यावा."

त्यांच्या मनगटावर मात्र खरी वेळ असे, कारण बस देवधरांसाठी थांबत नसे. टीव्हीची केबल ते स्वतःच काढून ठेवत आणि बंद पडला म्हणून स्वतःच टीव्हीला शिव्या घालत. चर्चची घंटा तेवढी त्यांचं ऐकत नसे. ती वाजायला लागली की ते धावत जाऊन मिक्सर सुरू करत. त्या आठवड्यात आमच्याकडेही वाटीवाटीनं चटणी येई.

हा सगळा खटाटोप बायकोसाठी होता. इथल्या पहिल्याच वर्षी घड्याळ बदललं आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला काळोख झाला. नीलिमा खिडकीशी बसली आणि मग तिनं अंथरूणच धरलं. केस विंचरेना, बोलेना. बोलली ती एवढंच, की मला पुण्याला नेऊन सोड. डॉक्टरांच्या गोळ्यांनी थोडं बरं वाटलं, पण पुढचा ऑक्टोबर जवळ आला तशी देवधरांची झोप उडाली आणि त्यांनी हा उपाय शोधून काढला. मला जिन्यात गाठून त्यांनी बजावलं होतं, की तिच्यासमोर वेळेचा विषय काढायचा नाही. एवढ्या हुशार बाईला हे कळत नसेल का, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर येई. पण त्यांचा चेहरा बघून मी गप्प बसे.

खरं सांगायचं तर, मला त्या घरात बसायला आवडायचं. बाहेर धुकं, पिवळी पानं, आणि आत कुणालाच कसली घाई नसलेली संध्याकाळ. डोळे उघडे ठेवून झोप लागल्यासारखं वाटे. एक मजला उतरून घरी येईपर्यंत माझं वय अर्ध्या तासानं वाढलेलं असे.

एका वर्षी नेमकं त्याच आठवड्यात त्यांना कामासाठी स्टुटगार्टला मुक्काम करावा लागला. जाताना बुधवारची दहा मिनिटं ते माझ्यावर सोपवून गेले.

सकाळी मी वाटी घेऊन साखर मागायला म्हणून वर गेले. नीलिमा साखर आणायला आत वळली, तशी मी भिंतीवरच्या घड्याळाला हात घातला. ते आधीच अर्धा तास मागे होतं.

"मीच केलं," ती मागून म्हणाली.

मी चोरासारखी उभी राहिले. ती हसली आणि तिनं मला खुर्चीवर बसवलं.

"अगं, मला पहिल्या खेपेलाच कळलं होतं. त्याला सांगू नकोस हं. रोज पहाटे तो चोरपावलांनी उठतो, स्टूल सरकवतो, मग त्या स्टुलावर स्वतःशीच कुजबुजतो. मी पडून ऐकत असते. कुणीतरी आपल्यासाठी उठलंय, एवढं कळलं की मलाही उठवतं." ती थोडी थांबली. "आज घर अगदी गप्प होतं. खूप वेळ पडून राहिले. वाटलं, आता काही आपल्याच्यानं होत नाही. मग म्हटलं, आज त्याचं काम आपण करावं."

तिच्या हाताला पीठ लागलं होतं, तोच हात मी धरून बसले.

संध्याकाळी देवधरांचा फोन आला. मला वाटलं, घड्याळाचं विचारतील.

"नीलिमा उठली होती का?" त्यांनी विचारलं.

"उठली होती," मी म्हटलं. "केस विंचरले होते. थालीपीठं लावत होती."

घड्याळाचं त्यांनी विचारलंच नाही, "बरं" म्हणून फोन ठेवला.