थेंब जैसे थे

खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता, ही गोष्ट कुणीच नाकारली नाही. पुढे या प्रकरणात जे जे झालं, त्यात सर्व पक्षांचं एकमत असलेली ही एकमेव बाब. म्हणून ती सुरुवातीलाच नोंदवून ठेवलेली बरी.

घराचे मालक मिस्त्री. म्हणजे नळवाले मिस्त्री. उभ्या गावाच्या तोट्या, टाक्या आणि तुंबलेल्या मोऱ्या ज्यांच्या हाताखालून गेल्या, ते. लोकांची गळती थांबवता थांबवता त्यांनी दोन मजली घर बांधलं. वर स्वतः राहिले, खाली भाडेकरू ठेवला. सगळा विचार नीट केला होता, फक्त बायकोचे गुडघे विचारात घ्यायचे राहिले. काकूंना आता जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबून देवाला हाक मारावी लागे, आणि शेवटच्या पायरीपर्यंत देवही दमत असे. डॉक्टरांनी सांगितलं, "जिना बंद." जिना बंद म्हणजे रस्ता बंद, शेजार बंद, दुकान बंद. काकू गॅलरीतून खालची माणसं बघत बसत. मग तेही त्यांनी सोडलं. बघून जास्तच वाईट वाटायचं.

तेव्हा खालचा मजला मोकळा करून घ्यायचा, असं मिस्त्रींनी ठरवलं. कराराची मुदत केव्हाच संपली होती. आणि भाडेकरू इतका सभ्य, की भांडायला गेलेला माणूस त्याच्याकडून चहा पिऊन परत यायचा. गल्लीत या भाडेकरूला कलमवाले म्हणत. खिशात त्यांच्या कधी कलम नसे, पण भाडेकरू संरक्षण कायद्याची सतराही कलमं तोंडात असत.

"आमच्या हिचे गुडघे गेलेत हो," मिस्त्री दारात उभं राहून म्हणाले. "खालची जागा लागेल आम्हाला. तुम्ही सावकाश दुसरी बघा."

"अरेरे! काकूंचं ऐकून फार वाईट वाटलं," कलमवाले म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. "लगेच सोडतो. फक्त तेवढा नळ आहे."

"कुठला नळ?"

"ओट्यावरचा. गळतोय. तशी तक्रार दिलीय मी भाडे कार्यालयात. आता दुरुस्तीची तक्रार प्रलंबित असली की भाडेकरूला जागा सोडता येत नाही. भाडंही देता येत नाही. माझी फार इच्छा असते हो, पण कलम नऊ आडवं येतं."

मिस्त्रींना हसूच आलं. संकट चालून आलं होतं ते थेट त्यांच्या हातातल्या पान्यावर. "वॉशर गेला असेल. दोन मिनिटांचं काम. सरका."

"अहो, थांबा! उंबरा ओलांडू नका. पूर्वसूचनेशिवाय मालकाला प्रवेश नाही, कलम चार. शिवाय दुरुस्ती त्रयस्थ कारागिरानेच करायची. तुम्ही पक्षकार आहात."

मिस्त्रींनी दुसरा कारागीर पाठवला. तो मिस्त्रींच्याच हाताखाली शिकलेला निघाला, सबब हितसंबंधी. तिसरा तसाच, चौथाही तसाच. गावातले सगळे नळवाले मिस्त्रींनीच घडवले होते, हा आजवर त्यांच्या अभिमानाचा विषय होता. एक जण तेवढा त्यांच्याकडे शिकलेला नव्हता. तो कुणाकडेच शिकलेला नव्हता. त्याने नळ सोडून विजेचं मीटर उघडलं.

शेवटी कार्यालयातून तपासनीस आले. त्यांनी नळाखाली पेला धरला, गळतीकडे दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि ती 'थेंब' या सदरात मोडते की 'धार' या सदरात, यावर गंभीरपणे विचार केला. त्या दिवशी काकू हट्टाला पेटल्या. "मीच सांगते त्यांना. डोळ्यांनी बघतील तर समजेल," असं म्हणत एकेका पायरीवर बसत बसत त्या खाली आल्या. आल्या आणि समोर जी खुर्ची दिसली तीत बसल्या. खुर्ची कलमवाल्यांच्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी होती. खिडकीतून रस्ता दिसत होता. सांगायचं राहिलं बाजूला, काकू रस्ताच बघत बसल्या.

तपासनिसांनी पंचनामा लिहिला. "पुढील खोलीत खुर्ची एक. खुर्चीत वृद्ध महिला एक, बसलेल्या स्थितीत." आणि त्याखाली जागच्या जागी हुकूम काढला: "अंतिम निर्णय होईपर्यंत सदर जागेतील सर्व वस्तू, व्यक्ती व गळती यांबाबतची परिस्थिती जैसे थे ठेवण्यात यावी."

तपासनीस गेल्यावर मिस्त्री बायकोला म्हणाले, "चल, ऊठ. धरतो मी."

"हात लावू नका," कलमवाले कळवळून म्हणाले. "मला काय, काकू म्हणजे आईसारख्या. पण जैसे थे आहे. काकू उठल्या की हुकूम मोडला, आणि मोडणारे ठरणार तुम्ही."

मिस्त्री तसेच कार्यालयात धावले. तिथल्या साहेबांनी चष्मा पुसला, प्रकरण वाचलं आणि विचारलं, "या बाई स्थावर की जंगम?"

"माझी बायको आहे, साहेब!"

"ते पंचनाम्यात नाही. स्थावर की जंगम तेवढं सांगा."

"लग्नात जंगम होती," मिस्त्री रडकुंडीला येऊन म्हणाले. "आता गुडघ्यांनी स्थावर केलीय."

"मग हलवता येणार नाही," साहेब म्हणाले, आणि कागद ट्रेमध्ये ठेवला.

अशा रीतीने काकू खालच्या मजल्यावर राहू लागल्या. मिस्त्री वर एकटे. आपण आपल्याच घरात बायकोला मुकलो, हे कुणाला सांगायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. स्वतःच्या हाताने चहा करायचे आणि तो ओतून द्यायचे. घर खायला उठायचं. त्यात सतत टप टप ऐकू यायचं. खालचा नळ इतका वर ऐकू येतो, याचं त्यांना नवल वाटे.

मग नळाने दगा दिला. क्षार साचून तो आपोआप कमी गळू लागला. कलमवाले घाबरले, गळती थांबली की तक्रार संपली, तक्रार संपली की जागा गेली. त्यांनी अर्ज केला आणि कार्यालयाने मिस्त्रींना कळवलं, की जैसे थे राखण्याची जबाबदारी मालकाची आहे, तरी गळती पूर्ववत करावी. ज्या माणसाने आयुष्यभर नळ बंद केले, तो आता रोज सकाळी परवानगीचा कागद दाखवून आत जायचा आणि नळ गळता ठेवायचा. हात नुसते शिवशिवायचे. पाना अर्धा फेरा उजवीकडे फिरवला की सगळं संपलं असतं. मिस्त्री दात ओठ खाऊन तो डावीकडे फिरवत. कलमवाले शेजारी उभे राहून थेंबांचा वेग जुळतो का पाहत.

जाता येता बायको दिसायची, एवढंच काय ते सुख. काकूंचा चेहरा मात्र दिवसेंदिवस उजळत चालला होता. खिडकीतून भाजीवाली थांबून बोलायची, शेजारणी डोकावायच्या. आणि कलमवाले सकाळी सवयीने मोठ्यांदा कायदा वाचत, तो काकू भाजी निवडता निवडता ऐकत. लोक पोथी ऐकतात तशा ऐकत.

एके दिवशी त्या म्हणाल्या, "कलमवाले, मला इथे ठेवली कुणी?"

"म्हणजे... हुकुमाने."

"हुकूम ज्या तक्रारीवर निघाला, ती केली कुणी? तुम्ही. मग मी तुमची पोटभाडेकरू झाले. कलम अकरा. कालच वाचलंत."

कलमवाल्यांनी पुस्तक उघडून कलम अकरा पुन्हा वाचलं.

"खिडकीची कडी निघालीय, ती बसवून द्या. आणि तो नळ गळतोय, त्याने माझी झोपमोड होते. लेखी देतेय हं. तोंडी दिलेलं चालत नाही ना, कलम दोन."

गुरूची विद्या गुरूला फळली. नळ दुरुस्त करावा, तर कलमवाल्यांचं संरक्षण जातं. करू नये, तर ते कसूरदार मालक ठरतात. कडी त्यांनी बसवली. मग काकूंनी खुर्चीला उशी मागितली, दिवा मागितला, मागच्या दाराला धरायला दांडी मागितली. सगळं लेखी, सगळं कलमासह. दर वेळी पोचही घेतली. आठवड्याभरात कलमवाल्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. शेवटी भर दुपारी त्यांनी बॅग भरली, जागा सोडत असल्याचं लिहून दिलं आणि मेहुण्याकडे चार दिवस पाहुणे म्हणून गेले. तिथला पंखा आवाज करतो, असं परवाच कानावर आलं.

प्रकरण निकाली निघालं. जैसे थे उठला. मिस्त्रींनी पाना घेतला आणि खालचा नळ दोन मिनिटांत बंद केला. मग अंथरुणाची वळकटी काखेत मारून, आनंदाने जवळजवळ धावतच, ते पुढच्या खोलीत आले.

"झालं बाई एकदाचं! आता दोघं इथेच राहू."

काकू खुर्चीतून उठल्या नाहीत. "थांबा. पूर्वसूचना दिलीत?"

"कसली पूर्वसूचना? अगं, मी आहे!"

"मालक ना? कलम चार."

"मालक काय? नवरा आहे मी तुझा!"

"तेच तर," काकू शांतपणे म्हणाल्या. "वरच्या न्हाणीघरातला नळ कधीपासून गळतोय?"

मिस्त्रींना काही बोध होईना. "वरचा? वरचा कुठे गळतोय?"

"या घरात राहायला आलो तेव्हापासून. रोज त्याच्याखाली फडकं ठेवायची मी, तुम्हाला आवाज नको म्हणून. दर वेळी सांगितलं. तुम्ही काय म्हणालात?"

मिस्त्रींच्या तोंडून शब्द आपोआप निघाला. "बघतो."

"गावभर नळ बघत फिरलात. माझी चूक झाली. तोंडी सांगत राहिले. गुडघे दुखतात हेही दहा वर्षं तोंडीच सांगत होते." त्यांनी पाठीमागची उशी सारखी केली. "अहो, पोटभाडेकरू होऊन मला आठवडा झाला नाही तोच कडी बसली. उशी आली. भाडेकरणीला सतरा कलमं आहेत. बायकोला किती आहेत, तेवढं कार्यालयात विचारून या. मग मी विचार करते."

मिस्त्री खरोखरच कार्यालयात गेले. साहेबांनी पुस्तक पुढून चाळलं, मागून चाळलं, अनुक्रमणिका पाहिली. मग "आज जरा लवकर जायचंय घरी," असं म्हणून जागेवरून उठले. जाताना त्यांनी शिपायाला विचारलं, की वॉशर कुठे मिळतो.

मिस्त्रींनी वरचा नळ दुरुस्त केला. टप टप थांबली आणि घर इतकं गप्प झालं, की त्यांना तिथे बसवेना. खाली येऊन त्यांनी दारातून सांगितलं, "केला गं." आतून उत्तर आलं, "लेखी द्या." तेव्हा उंबऱ्याबाहेर पायरीवर बसून, त्यांनी आयुष्यातला पहिला अर्ज लिहिला: सदर जागेत पोटभाडेकरू म्हणून राहण्याची परवानगी मिळावी, अर्जदार चहा स्वतः करील. काकूंनी अर्ज ठेवून घेतला, पोच दिली आणि सांगितलं, "बघते."

मिस्त्री अजून पायरीवरच बसलेले आहेत. तुम्ही मात्र हे घरात, आरामात बसून वाचलंत. चांगलं झालं. आता क्षणभर गप्प राहून कान द्या. आत काही टपटपतंय का? काहीच ऐकू येत नसेल, तर आत जाऊन नळाखाली फडकं कुणी ठेवलंय, ते आधी विचारा.