एका डोळ्याची प्रार्थना

याकोबबाबाला रामराम घाला, तो आधी तुमची खालची पापणी ओढून बघणार. पाटील असो की गुराखी. "लाल हाये. उद्या ये. थेंब माहा, नजर त्याची," म्हणत बोट आभाळाकडे. आणि मग सावकाश, "हां, रामराम!"

लग्न होऊन मी इंझोरीत आले, तेव्हा वेशीवरच यानं बाशिंग वर सारून नवरदेवाचा डोळा तपासला. मला वाटलं, नवऱ्यात खोट निघाली, गेला जन्म वाया!

गावात तो एकटा किरिस्ताव. पूर्वी मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. उन्हाळ्यात आमच्याकडे घरोघर डोळे यायचे, म्हणून बोरिकच्या पाण्याची बाटली घेऊन वेशीजवळ खोपटात येऊन राहिला. पण फुकट औषध देणारा माणूस गावाला पचतो थोडाच?

"डोक्यावर पानी टाकलं की मानूस किरिस्ताव होते म्हनते," सासूबाईंचं ठाम मत, "मंग डोयात टाकलं त काय राह्यलं?"

त्यात बाबाची खोड अशी, की थेंब टाकण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करायची. तीही लांबलचक. आमेन म्हणून डोळे उघडावे, तर पेशंट पार तुरीच्या वावरात! शेवटी त्यानं एकच डोळा मिटायला सुरुवात केली. "एक देवाकडं, एक तुह्याकडं. हालू नोको!"

धीर करून थेंब घेणारे घरी जाऊन गोमूत्र शिंपडून घेत. बाबाला ते ठाऊक होतं. "घ्या ना बाप्पा. फक्त डोयात नोका टाकू," एवढंच म्हणायचा. एकदा कोणीतरी त्याची बाटली फोडली. तो पायी दवाखान्यात गेला, दुसरी घेऊन चौथ्या दिवशी हजर. मला तर तो तेव्हा ठार वेडाच वाटला.

मग माझ्या गंगूचे डोळे आले. तीन वर्षांची पोर. पापण्या चिकटलेल्या, रात्रंदिवस रडणं. सासूबाई दारात ठाण मांडून बसल्या आणि बाबा अंगणात, भर उन्हात उभा.

"जाय ना रे! काहून उभा राह्यला?"

"फूल पडलं त पोरगी जन्माची आंधयी होईन, माय."

दोन दिवस तो येत राहिला, शिव्या खात राहिला. तिसऱ्या दिवशी मी गंगूला उचललं आणि सासूबाईंना ओलांडून अंगणात गेले. "बाटली त बाटली," मी म्हटलं, "आंधळी नको." असं उलट बोलले ते जन्मात पहिल्यांदा.

सासूबाई कडाडल्या, "मंतर म्हनाचा नाही!"

"नाही म्हनत. तो काई बहिरा नाही." बाबानं ओठ घट्ट दाबले आणि हळूच एक डोळा मिटला.

"थे बी नाही!"

बाबानं डोळा उघडला आणि थेंब टाकला.

आठ दिवस रोज आला. नवव्या दिवशी गंगूनं टक्क डोळे उघडले. समोर वीतभर अंतरावर बाबाची दाढी.

"कसा दिसतो मी, माय?"

गंगूनं नीट निरखलं. "बोकडावानी!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाबा मात्र हसता हसता खालीच बसला. आणि हसता हसताच रडायला लागला.

"माही रूथ येवढीच होती," तो म्हणाला. "दोनी डोयात फूल पडलं. मंग मी दवाखान्याचं काम शिकलो, पन तिच्यासाठी उशीर झाला. माह्या तोंडावर हात फिरवे अन् इचारे, बाबा, तुमी कसे दिसता? मी म्हनो, लई चांगला. धा वर्साची होऊन गेली. तिनं मले कदी पाह्यलंच नाही."

सासूबाई उठून आत गेल्या. मला वाटलं, आता बादलीभर पाणी आणून अंगण धुतील. त्या बाहेर आल्या, त्यांनी ओसरीवर, घरच्या माणसांच्या रांगेत, पाट मांडला आणि ताट वाढलं.

"बोकड नाही म्हनू, गंगू," त्या म्हणाल्या. "आजा हाये तुहा. जाय, हात धरून जेवाले आन."