राजनंदिनीचा पिकअप

राजवर्धनच्या लाल स्पोर्ट्‌स कारमध्ये सगळे होते, फक्त घाई नव्हती. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी आधी क्षणभर विचार करी आणि मग पळे. ज्या बोळात सायकल आडवी लागली तरी चार घरांची कामे खोळंबतात, तिथे हा क्षण वाचवून राजवर्धन पोहोचणार तरी कुठे होता, हे विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. आपल्या टाइल्सच्या दुकानात गिऱ्हाईक ताटकळत ठेवून तो मोबाइलवर पेडल चपळ करायचे व्हिडिओ पाही.

एकदा त्याने हे दुखणे शेजारीच राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, आक्काला सांगून पाहिले.

"दाबल्यावर लगेच पळंना व्हय?" आक्का शेण भरता भरता म्हणाली. "आनि मी हाक मारल्यावर तू किती वेळानं येतोस, ते बघितलंस काय कधी?"

आक्काला उलट बोलायची सोय नव्हती, कारण गाडीच्या डोक्यावरचे छप्पर तिचे होते. तिच्या गोठ्याच्या अर्ध्या भागात गाडी राही आणि उरलेल्या अर्ध्यात राजनंदिनी. राजनंदिनी ही आक्काची म्हैस. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून पळवतात. मालक पुढे मोटारसायकल घुमवत जातो आणि म्हैस त्या आवाजामागे धावते. त्यात राजनंदिनीचा पहिला नंबर दोन वर्षे थोडक्यात हुकला होता. यंदा तो येईपर्यंत गोडाला शिवायचे नाही, असा आक्काने पण केला होता आणि त्यामुळे घरातल्या सगळ्यांचाच चहा कडू झाला होता.

अखेर गॅरेजवाल्या अंबादास मेस्त्रीने पेडलच्या वायरीत एक डबी बसवली. डबीवर एक ते नऊ आकडे होते; आकडा जितका मोठा, तितका गाडीचा पिकअप जोरदार. अंबादासचा मधल्या आकड्यांवर विश्वास नव्हता.

"नऊवर ठेवलंय," तो म्हणाला. "आता पाय दाबायचा न्हाय, नुसतं मनात आनायचं."

तेव्हापासून राजवर्धन रोज सकाळी गोठ्यात गाडी चालू करून जागच्या जागी पेडल तपासू लागला. पायाचा नुसता अंगठा टेकला तरी इंजिन घर्रकन ओरडे. नेमकी हीच राजनंदिनीच्या पेंडीची वेळ. घर्र झाले की पुढ्यात पाटी येते, हे तिने आठ दिवसांत ओळखले. म्हशीला अक्कल नसते असे म्हणणाऱ्यांनी म्हैस पाळलेली नसते.

पाडव्याला चार दिवस उरले आणि आक्काच्या यजमानांनी, बाळासो दाजींनी, सरावासाठी मोटारसायकल घुमवली. राजनंदिनी रवंथ करत राहिली. दाजींनी पुन्हा घुमवली, तशी तिने तोंडच फिरवले. तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी राजवर्धनने गाडी चालू केली. राजनंदिनी दाजींना आणि त्यांच्या मोटारसायकलीला बाजूला सारून निघाली, ती थेट गाडीच्या डिकीशी जाऊन उभी राहिली.

"माझी म्हस तू बिघडवलीस," आक्का म्हणाली. "पाडव्याला तूच पळवायची. न्हाय पळाली तर गाडी गोठ्याभायेर."

बाहेर म्हणजे बोळात, पोरांचे क्रिकेट आणि कोंबड्या यांच्या स्वाधीन.

आता म्हशीपुढे गाडी चालवायची म्हणजे बेताने चालवायला हवी, आणि बेत नावाची गोष्ट तर त्याने हौसेने काढून टाकली होती. त्याने गुपचूप डबी एकवर आणून पाहिली. गाडी सभ्यपणे सरकली, पण राजनंदिनीने तिला ओळखसुद्धा दाखवली नाही. पाचवर फक्त एक कान हलला. तिला नऊच हवे होते.

पाडव्याला राजनंदिनीच्या शिंगांना रंग लागला, मोरपिसे लागली. आक्काने एक मोरपीस गाडीच्या आरशालाही बांधले. मैदानात राजवर्धनने अंगठा टेकताच गाडी दहा हात उडाली. त्याने घाबरून ब्रेक मारला. मागून राजनंदिनी उधळत आली आणि डिकीपासून वीतभर अंतरावर थांबली. पुन्हा अंगठा, पुन्हा उडी, पुन्हा ब्रेक. उचकी लागल्यासारखी ती दोघे अख्खे मैदान ओलांडून गेली. आरशात राजवर्धनला फक्त शिंगे दिसत होती. बाकीच्या म्हशी केव्हाच पोहोचल्या होत्या. गाडी गेली गोठ्याबाहेर, असे म्हणून त्याने स्टिअरिंगवर डोके टेकले.

पंचांनी मात्र भोंगा हातात घेतला. "बाकीच्या नुसत्या पळाल्या. ही पळती बी आनि मालकाच्या इशाऱ्यासरशी थांबती बी. अशी तालीम उभ्या जिल्ह्यात न्हाय. पयला नंबर राजनंदिनी."

आक्काने तिथेच पेढा तोंडात टाकला आणि पदराने डोळे पुसले. गाडी घेतल्यापासून तिच्यामुळे दुसऱ्या कुणाला आनंद झाल्याची ही पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून पार बिद्री-नेसरीपर्यंतची माणसे राजनंदिनीला बघायला येऊ लागली. गाडीची चौकशी फक्त एकाने केली, तीसुद्धा म्हशीला शिकवायची गाडी कुठे मिळते म्हणून. राजवर्धन घरात पडल्या पडल्या आपल्या विजयाचा विचार करत होता, तोच गोठ्यातून हाक आली.

"राजू, मान्सांना उभं ऱ्हायला जागा पुरंना. गाडी तेवढी भायेर लाव."

"पळाली की ती," राजवर्धन दारात येऊन म्हणाला.

"पळाली म्हनूनच की."

आक्काला दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. राजवर्धन किल्ली घेऊन गोठ्यात गेला, गाडीत बसला आणि आधी डबी एकवर केली. त्याने पेडल दाबले. गाडीने क्षणभर विचार केला आणि आवाज न करता ती बोळात जाऊन उभी राहिली. राजनंदिनीने पेंडीतून मानही वर केली नाही.