नवस काकूंचा, मौन काकांचं

नवस ज्याने बोलावा त्यानेच फेडावा, हे काकूंना मान्य होतं. पण भांडण दुसऱ्यांचं असेल, तर आपण गप्प बसून काय उपयोग? म्हणून बेटावरच्या सहलीच्या आदल्या दिवशी त्यांनी देवापुढे हात जोडले आणि काकांच्या वतीने मौन बोलून टाकलं.

"नवस तू बोललीस ना?" काका म्हणाले. "मग मौनही तूच पाळ."

"तोंड तुमचं सुटतं, माझं नाही."

काका पोस्टात तिकिटांच्या खिडकीशी बसत. काकूंचा धाकटा भाऊ शाळेत कवायतीचा मास्तर होता. दोघंही सोन्यासारखी माणसं (हे काकू एकेकाच्या गैरहजेरीत सांगत), पण एकत्र आली की विळ्या-भोपळ्याचं सख्य. मास्तर चुकणार आणि काका "मी सांगत होतो" म्हणणार. मागच्या सहलीहून तर दोघं वेगवेगळ्या बसने परतले आणि कुणाच्या शेजारी बसावं या विचारात काकू स्टँडवरच राहिल्या.

यंदा देवाकडे एवढंच मागणं होतं: दोघं एकाच बोटीतून हसत परत येवोत. परतीची बोट धक्क्याला लागेपर्यंत काका बोलणार नाहीत. आणि हे कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की फळ जातं.

मास्तरांना सांगायची वेळच आली नाही. बेटावर पाय ठेवल्यापासून तेच बोलत होते. पाणकावळ्याला ते बगळा म्हणाले. टेकडीची जवळची वाट म्हणून त्यांनी दोघांना कुणाच्या तरी परसात, वाळत घातलेल्या चादरींतून नेलं. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण ओठ उघडले नाहीत. काकूंचा जप चालूच होता.

जेवणानंतर दोघं छोट्या होडीत बसले. पुढे मास्तर, मागे काका.

"भावोजी, त्या काळ्या खडकाला होडी टेकवू. ताई, तू काठावरून फोटो काढ."

खडकाला मिशा होत्या. काकांना त्या दिसल्या. काठावरून काकूंनाही दिसल्या. काकांनी वल्हं होडीवर धाडधाड आपटलं.

"शाब्बास, भावोजी. असाच ताल धरा."

काकांनी वल्हं डोक्यावर नाचवलं. मास्तरांच्या पाठीला डोळे नव्हते. इकडे काकूंचा जीव टांगणीला. काका बोलले तर नवस मोडतो, न बोलले तर होडी. ओरडायला आपल्याला कुणी बंदी केलेली नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं, तोवर खडकाने जांभई दिली होती.

चांगला गलेलठ्ठ सील होता तो, कुठल्या थंड समुद्रातून वाट चुकून आलेला देव जाणे. त्याने एक उडी मारली आणि होडी पालथी झाली. पाणी कमरेइतकंच होतं म्हणून बरं. काका उभे राहिले. डोक्यावर शेवाळ, हातात वल्हं. तोंडात गेलेलं पाणीसुद्धा त्यांनी आवाज न करता सोडलं.

मास्तर मान खाली घालून वाट पाहत राहिले. "मी सांगत होतो" काही आलं नाही. त्यांचे डोळे भरून आले (खारं पाणीही असेल).

परतीच्या बोटीत दोघं एकाच टॉवेलात गुंडाळून बसले होते. समोर काकू धन्य धन्य.

"भावोजी, हल्ली माणसाचं कुणी ऐकून घेत नाही. तुम्ही आज दिवसभर घेतलंत."

काका हसले. काकूंनी मनोमन देवाला नमस्कार घातला.

"मला घरी एकट्याला करमत नाही हो. वाटतं, सुट्टीभर तुमच्याकडेच येऊन राहावं. हरकत असेल तर आत्ताच सांगा, मला राग नाही यायचा."

धक्का हातभर लांब होता. काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी बोटवाल्याकडे पाहिलं. तो दोर हातात घेऊन धक्क्यावरच्या कुणाशी तरी निवांत गप्पा मारत होता.

"ठरलं तर," मास्तर म्हणाले.

मग बोट टेकली.

"मी सांगत होतो," काका काकूंच्या कानाशी म्हणाले, "मौन तूच पाळ."

सुट्टीभराचं मौन काकूंनी तिथेच धरलं.