लेवल चारची केबिन

काचेच्या धंद्यात माझा हात धरणारा अख्ख्या संभाजीनगरात कोणी नाही, हे मी स्वतःच सगळ्यांना सांगत असतो. त्यामुळे देवगाव रंगारीच्या आप्पासाहेबांनी क्रांती चौकातल्या नव्या सराफी दुकानात गल्ल्यासाठी बुलेटप्रूफ केबिन माझ्याकडून करून घेतली, यात नवल ते काय! पसंत पडली तर त्यांच्या आणखी चार दुकानांचं काम मलाच मिळणार होतं. माझा सगळा जीव त्या चार दुकानांत अडकला होता.

"आप्पासाहेब, या काचेला लेवल असतात," मी सुरू झालो. "एक ते तीन पिस्तुलासाठी. आपली चार! रायफलची गोळीसुद्धा आत येणार नाही!"

"मग आणू का घरची बंदूक?"

"नको, नको! घण घाला. मी स्वतः आत बसतो!"

ऐटीत आत शिरून मी दार ओढलं. कुलूप विजेवरचं. खट्ट झालं आणि लाइट गेली!

दार उघडेना. पंखा बंद. त्यात मे महिना! जाड काचेतून आवाज जाईना, म्हणून हातभर अंतरावर उभ्या असलेल्या आप्पासाहेबांना मी मोबाइल लावला.

"आप्पासाहेब, मी अडकलो!"

"व्हय, दिसतंय की!"

माझा फिटर बद्रीनाथ घण घेऊन तुटून पडला. काचेवर भेगांचं जाळं उमटलं, पण काच ढिम्म! आत मी कासावीस, बाहेर आप्पासाहेब खूश.

"लई मजबूत हाय! चारी दुकानांचं काम तुझंच. पण तुला भाईर कसं काढावं?"

घामाने निथळत होतो, तरी माझी छाती फुगली. आतूनच वाकून नमस्कार केला.

तेवढ्यात दुकानात झाडलोट करणाऱ्या सरूबाई तांब्या घेऊन आल्या. माझ्याकडे बघितलं, केबिनच्या खालच्या अंगाला एक लाथ घातली. फळी धाडकन आत पडली!

"या भाऊ हितून. आधी पाणी प्या."

काय सांगू, काच लेवल चारचीच होती हो! पण खाली कोण बघतंय म्हणून कमरेपर्यंत मी साधं प्लायवूड ठोकलं होतं.

रांगत बाहेर आलो. आप्पासाहेब फळीकडे बघत होते.

"रायफलवाला आला तर तुझी काच हाय, नाय म्हणत नाय. पण चोरानं लाथ घातली तर?"

चारी दुकानं तिथंच गेली. आता तुम्हीच सांगा, लाथेची लेवल कंपनीच्या तक्त्यात कुठे असते!