वझे डॉक्टरांचा लाल पेशंट

वझे डॉक्टरांनी मला फसवलं. मला, म्हणजे ज्याने येवल्याहून एका पिशवीनिशी येऊन द्वारका चौकाजवळ जुन्या गाड्यांचा धंदा उभा केला आणि ज्याला आजवर एकही गिऱ्हाईक टोपी घालू शकलं नाही, अशा माणसाला. आणि फसवलं कशाने, तर गोड बोलून आणि आल्याचा चहा पाजून.

डॉक्टर आमच्या शेजारच्या बंगल्यात एकटेच राहतात. होमिओपॅथीचे डॉक्टर. दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली, बायको त्याच्या आधीच गेली, मुलगी कॅनडात. पण माणूस अजून दवाखान्याच्या खुर्चीतून उठलेला नाही. "काय डॉक्टर, कसं काय?" म्हणावं, तर हे उलट विचारणार, "तुम्हाला झोप उजव्या कुशीवर लागते की डाव्या?" दूधवाल्याला थंडी सोसते की उकाडा, हे त्यांना माहीत. इस्त्रीवाल्याला स्वप्नं कसली पडतात, तेही माहीत.

त्यांची गाडी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा आम्ही कॉलनीत नवीन होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. लाल, बुटकी, दोनच सीटची, कापडी टपाची परदेशी स्पोर्ट्स कार. देवळालीच्या एका पारशी म्हाताऱ्याचा जुना इसब डॉक्टरांनी घालवला, म्हणून त्याने ती जाता जाता यांच्या नावावर केली होती. माझ्या पोटात दुखलं. एवढी वर्षं गाड्या विकतोय, पण अशी गाडी माझ्या दारात कधी लागली नव्हती. आणि इथे ती तुळशीच्या कुंडीशेजारी जुनी चादर पांघरून उभी.

त्या रविवारी सकाळी ती सुरू होत नव्हती. डॉक्टर किल्ली फिरवत होते आणि आतून कुणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज येत होता. मी कुंपणावरून विचारलं, "पेट्रोल आहे का?"

"तहान चांगली आहे," डॉक्टर म्हणाले. "पण सकाळी उठवत नाही तिला. थंडीत जास्त. उतारावर डोकं खाली करून ठेवली की जरा बरं वाटतं. चिडकी नाही हो, रडवी आहे. दोन्हींत फरक आहे."

मी पाना घेऊन कुंपण ओलांडलं. प्लग काढले तर काजळीने भरलेले. म्हटलं, नवीन टाकतो आणि कार्बुरेटरही खोलून बघतो.

"एका वेळी एकच औषध," डॉक्टर म्हणाले. "आज प्लग. आता पुढच्या रविवारी लक्षणं काय बोलतात ते बघू."

"अहो, प्लग बदलल्यावर आठवडाभर कसली वाट बघायची?"

"आहेर, घाई केलीत तर दुखणं आत दबतं. मग ते दुसरीकडून बाहेर पडतं."

"कुठून, सायलेन्सरमधून?"

"पाहिलंय मी तसं," ते शांतपणे म्हणाले.

तोवर बॅटरी उतरली होती. गल्लीतल्या चार माणसांनी मिळून गाडी उतारावर ढकलली आणि कोपऱ्यावर ती अशी गरजली की बायका गच्चीवर आल्या. डॉक्टर चक्कर मारून परतले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आहेर, तुमचं औषध लागू पडलं." त्या आठवड्यात मी दुकानात कुणावर ओरडलो नाही.

पुढच्या रविवारी गाडी पुन्हा बंद.

मी सरळ भाव सांगितला. म्हटलं, कशाला त्रास करून घेता, मला द्या. मी आयुष्यात कुठल्याच वस्तूला पहिला भाव दिलेला नाही, लग्नात बँडवाल्यालाही नाही. पण डॉक्टर भावावर बोलायलाच तयार नाहीत. समोरचा भाव करत नसेल तर आपण एकट्याने फुगडी घातल्यासारखं होतं. शेवटी म्हणाले, "आजारी माणूस विकतात का कुणी? तुम्ही निदान करा. ज्याला दुखणं सापडेल त्याची गाडी, तो म्हणेल त्या भावात."

मला वाटलं सौदा झाला. पण हाच शब्द त्यांनी संपतरावांनाही दिला होता.

संपतराव म्हणजे पिंपळगावचे द्राक्षबागायतदार. पोरांच्या शाळेसाठी समोरचा बंगला घेतलेला. ते पहिल्याच रविवारी माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाले, "शेठ, तुम्ही लायटीत काय शोधताय? हिच्यात पेट्रोलच चढत नाय. आमच्या फवारणीच्या पंपाचं असंच होतं."

"संपतराव, हे इंजिन आहे. द्राक्षाचा मळा नाही."

"हां, पण पंप तो पंप."

तेव्हापासून गल्लीत दोन पक्ष पडले. माझा स्पार्कचा, त्यांचा पेट्रोलचा. डॉक्टर दोघांचंही ऐकत, पण माझं ऐकताना डोळे मिटून घेत. मी घरी येऊन चिडचिड केली. बायको म्हणाली, "डोळे मिटतात म्हणजे मन लावून ऐकतात." मग संपतरावांचं ऐकताना ते डोळे उघडे का ठेवतात, या विचाराने मला रात्री झोप येईना. उजव्या कुशीवर नाही आणि डाव्याही नाही.

मी पॉइंट बदलले, वायरी बदलल्या. कधी ढकलल्यावर ती माझ्या नावाने सुरू व्हायची, कधी संपतरावांच्या. पुढच्या रविवारी पुन्हा मुकी. मधल्या वेळात ओट्यावर डॉक्टरांचा दवाखानाच भरायचा. कुणी गुडघा दाखवी, कुणी सुनेचं सांगे. माझं पित्त त्यांनी तिथेच बरं केलं. संपतरावांच्या आईचा दमा आटोक्यात आणला, तेही त्या म्हातारीला एकदाही न बघता. एकदा संपतरावांनी मुंबईहून नवा पंप आणून बसवला आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. त्या दिवशी मला मिसळ गेली नाही. पुढच्या रविवारी ती बंद पडली, तेव्हा तर्रीसकट दोन प्लेट खाल्ल्या.

अशी चार वर्षं गेली. मग एकदा जेवताना मी म्हणालो, "उद्या डिस्ट्रिब्युटरच बदलतो." बायको पोळी वाढत म्हणाली, "रविवारीच काय होतं तिला? बुधवारी तर छान जाते की."

"बुधवारी?"

"तुम्ही दुकानात असता. अकरा वाजता डॉक्टर बुधवारच्या बाजाराला जातात. मी भाजी निवडत असते."

त्या बुधवारी मी दुकानात गेलो नाही. खिडकीच्या पडद्याआड उभा राहिलो. डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी घेऊन आले. गाडीत बसले आणि किल्ली फिरवली. एका फटक्यात सुरू झाली. खोकणं नाही, रडणं नाही. मोठ्या डौलात गेली.

माझं डोकं भणभणलं. म्हटलं, संपतरावांना दुखणं सापडलंय. सौदा आतल्या आत झालाय आणि रविवारी मला नुसतं ढकलायला बोलावतात. डॉक्टर परत आले तेव्हा मी त्यांच्या फाटकातच उभा होतो.

"कितीला दिली संपतरावांना?"

"काय?"

"गाडी. बरी झालीय ती. मी बघितलं."

डॉक्टरांनी पिशवी ओट्यावर ठेवली. गवारीच्या दोन शेंगा खाली पडल्या, त्या उचलल्या. मग सीटमागची चटई वर करून मला दाखवली. खाली एक पितळी तोटी होती.

"पारशीबाबांनी चोरांच्या भीतीने बसवलेली. ही बंद केली की पेट्रोल वर जात नाही. शनिवारी संध्याकाळी मी बंद करतो आणि आतलं संपून इंजिन थांबेपर्यंत बसून राहतो. रविवारी तुम्ही ढकलता तेव्हा उघडतो, कधी गुपचूप आधीच."

मला खूप काही बोलायचं होतं. मी शिव्यांची जुळवाजुळवही केली होती.

"दवाखाना बंद केल्यावर इकडे कुणी फिरकेना," डॉक्टर म्हणाले. "वर्गणीवाले यायचे फक्त. मला दुसरं काही येत नाही हो, आहेर. कुणीतरी सांगायचं आणि मी ऐकायचं. मग हिने एका रविवारी खरंच दगा दिला आणि तुम्ही कुंपण ओलांडून आलात." मग म्हणाले, "ते प्लगच होते. तुम्ही तिला पहिल्याच दिवशी बरं केलंत. मीच सांगितलं नाही."

त्यांनी किल्ली काढून माझ्यापुढे धरली. "शब्द दिलाय. न्या. भाव तुम्ही सांगाल तो."

चार वर्षं मी ज्या गाडीसाठी झुरलो, ती हाताच्या अंतरावर, हव्या त्या भावात. मी किल्ली घेतली. वजनाला बरी होती. मग ती त्यांच्या शर्टाच्या खिशात टाकली आणि म्हणालो, "मला नाही पटत, डॉक्टर. ही तक्रार स्पार्कचीच आहे. डिस्ट्रिब्युटर बघितल्याशिवाय मी गाडी उचलत नसतो."

डॉक्टरांनी खिसा चाचपून पाहिला. "असेलही," म्हणाले, आणि गवार घेऊन आत गेले.

रविवारी मी पाने घेऊन गेलो. गाडी बंदच होती. संपतराव हसून म्हणाले, "शेठ, अजून लायटीतच का?" मी म्हटलं, हो. गल्लीतल्या पोरासोरांसमोर मी अडाणी ठरलो, ठरू दे. सगळ्यांनी जोर लावला. मी मागे डिकीला खांदा देऊन ढकलत होतो आणि संपतराव खिडकीशी चालत नुसतं बोलत होते. म्हणाले, "टाकीपासूनच्या नळीतच काय तरी अडकलंय, डॉक्टर." त्यावर वझे डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "संपतराव, जवळ आलात बरं का."

गाडी मी सोडली ती माझ्या मर्जीने, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दुखणं घालवलं मी, तोटी माहीत मला, ढकलत होतो मी, आणि "जवळ आलात" ते संपतराव? याचं उत्तर वझे डॉक्टरांनी मला दिलं पाहिजे, आणि तेही डोळे उघडे ठेवून.