पहिल्या मजल्यावरची पडताळणी

दयारामचं म्हणणं असं होतं की जगात जड असं काही नसतंच. बांधायचं कुठं हे लोकांना कळत नाही, एवढंच. चौतीस वर्षं त्यानं भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये खलाशी म्हणून काढली होती. खलाशी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे समुद्र आला असेल, तर तो परत पाठवा. इथला खलाशी म्हणजे साखळ्या, दोर आणि कप्प्या लावून अवजड यंत्रं उचलणारा माणूस. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी दयारामचे हात शिवशिवत होते. घरातला फ्रिज त्यानं उगाचच चारदा हलवला होता.

म्हणूनच थोरल्या बहिणीनं, कलाबाईंनी, पेन्शनच्या पडताळणीला जायला साफ नकार दिला, तेव्हा सगळं घर काळजीत पडलं आणि दयाराम तेवढा खूश झाला.

झालं होतं असं, की दरवर्षीसारखी पेपरात बातमी आली. दिव्यांग पेन्शन घेणाऱ्या प्रत्येकानं महिनाअखेरपर्यंत कचेरीत जातीनं हजर राहून आपण जिवंत आहोत आणि अजून दिव्यांगच आहोत हे दाखवावं, नाहीतर पेन्शन बंद. कचेरी पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. रॅम्प आहे, म्हणजे फीत कापून उद्घाटन झालेला चांगला गुळगुळीत रॅम्प आहे, पण तो रस्त्यापासून निघतो आणि जिन्याच्या पहिल्या पायरीशी संपतो. तिथून पुढं ज्याचं त्यानं बघावं.

कलाबाईंचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेलेले. भिलाईतल्या खुर्सीपारला भावाच्या घराच्या पुढच्या खोलीत हाताच्या मशीनवर ब्लाउज शिवून त्यांनी आयुष्य काढलं. आता डोळे साथ देईनात, काम कमी झालं होतं. भावापुढे हात न पसरता स्वतःचा चहा-साबण आणायचा, तर त्या पेन्शनचाच आधार होता. तरीही त्या नाही म्हणाल्या, कारण मागच्या वर्षी चार अनोळखी माणसांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून वर नेलं होतं. अर्ध्या जिन्यात एकाला फोन आला, म्हणून खुर्ची तिथंच टेकवली. पाव तास लोक त्यांना वळसा घालून चढत-उतरत राहिले. एकानं तर "जरा धरा" म्हणून आपली पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"मले कोनी हात लावाचा नाही," कलाबाई म्हणाल्या. "पेन्शन गेली तं गेली. मी काय सिमेंटचं पोतं आहो?"

"बाई, बोटसुद्धा लागू देनार नाही," दयाराम म्हणाला. "तू फक्त बसजो."

मग त्यानं आपल्या जुन्या टोळीतले दोन मोहरे गोळा केले. एक प्रेमानंद, आणि दुसरा धोंडबा. धोंडबाचे कान प्लांटच्या आवाजानं कधीच गेलेले. पण त्यानं कुणाचं काही अडलं नाही, कारण त्यांच्या टोळीत बोलणं हातांनीच चाले. मूठ म्हणजे थांब. तळवे खाली म्हणजे उतरव. तळवे वर म्हणजे उचल. एका ठेकेदाराकडून हातानं साखळी ओढून वजन उचलायचा चेन-ब्लॉक उसना आणला. कचेरीच्या गॅलरीतून एक लोखंडी तुळई बाहेर आलेली होती, कधीकाळी जनरेटर चढवायला ठोकलेली. दयारामनं ती आदल्या दिवशीच हातोडीनं वाजवून पाहिली आणि पास केली.

सकाळी साडेदहाला काम सुरू झालं. नियम म्हणजे नियम, म्हणून आधी प्रेमानंदला खुर्चीत बसवून, मांडीवर तांदळाचं पोतं देऊन वर-खाली करून पाहिलं. ते बघायला पन्नास माणसं जमली. नंतर प्रेमानंद वर गॅलरीत जाऊन उभा राहिला, धोंडबानं साखळी धरली, आणि इस्तरीची निळी साडी नेसलेल्या कलाबाई पट्टा लावून खुर्चीसह अलगद वर निघाल्या. जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. दयारामनं मिशीवरून हात फिरवला.

कलाबाई लोकांच्या डोक्यांवर चार हात गेल्या असतील नसतील, तोच पराग आला.

पराग मोबाइलवर बातम्या चालवत असे. तो धावत आला आणि चांगलं दिसावं म्हणून नेमका खुर्चीच्या खाली उभा राहिला. आता प्लांटचा पहिला नियम असा, की लटकत्या लोडखाली, म्हणजे उचललेल्या वजनाखाली, माणूस आला की काम बंद. दयारामनं मूठ वर केली. धोंडबानं साखळी थांबवली. दयारामनं परागला बाजूला व्हायला सांगितलं. परागनं लाइव्ह सुरू आहे, हलता येत नाही, असं हातानंच सांगितलं आणि मोबाइलला सांगू लागला की एक दिव्यांग माता न्यायासाठी हवेत लटकली आहे आणि प्रशासन झोपलं आहे.

बातमी चालू होती म्हणून कलाबाई लटकल्या होत्या, आणि कलाबाई लटकल्या होत्या म्हणून बातमी चालू होती. अकरा मिनिटं गेली. मोबाइलवर लाइव्ह बघणाऱ्यांनी त्याखाली आपापली मतं लिहायला घेतली. कुणी हे आमरण उपोषण असल्याचं कळवलं. कुणी बाई परवापासून लटकल्या असल्याची पक्की माहिती दिली. कलाबाईंनी वरून दोनदा उशीर कावून होऊन राहिला ते विचारलं, आणि उत्तर मिळेना तेव्हा पिशवीतून एक ब्लाउज काढून त्याला हूक लावायला सुरुवात केली. वेळ फुकट घालवणं त्यांना जमत नसे.

वर कचेरीत मुख्य अधिकारी केवलराम साहेबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना वरच्या साहेबांचा फोन आला, की तुमच्या ऑफिसात एक बाई लटकली आहे, हात जोडा, पाय धरा, पण आत्ताच्या आत्ता मिटवा. केवलरामांनी आधी आपल्या खोलीतला पंखा पाहिला. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. पुढच्या पाच मिनिटांत ते, दोन कारकून, रजिस्टर, अंगठ्याचं मशीन आणि टेबल असं सगळं ऑफिस जिना उतरून खाली आलं. परागच्या मोबाइलपुढे केवलरामांनी जाहीर केलं, की आजपासून पडताळणी तळमजल्यावरच होईल. लोकांनी जयजयकार केला.

आणि हे सगळे, टेबलासकट, उभे होते लटकत्या लोडखाली.

दयारामचा संयम सुटला. चौतीस वर्षांत असा अडाणीपणा त्यानं पाहिला नव्हता. तो दोन्ही हात वर-वर उडवत गर्दीवर धावला. हटा, निघा, मागं व्हा! दहा पावलांवर उभ्या असलेल्या धोंडबाला ओरडणं ऐकू आलं नाही, पण तळवे वर जाताना स्वच्छ दिसले. त्यानं साखळी ओढली.

साहेबांच्या, परागच्या आणि पन्नास माणसांच्या डोक्यांवरून कलाबाई संथपणे वर गेल्या. प्रेमानंदनं दोरीनं खुर्ची आत घेतली आणि केवलरामांच्या खोलीच्या दारापुढे टेकवली. कुणाचं बोट लागलं नाही. काम नमुनेदार झालं. फक्त कचेरी आता खाली होती.

केवलरामांनी मान वर करून विनवलं, की माताजी, खाली या, सगळं इथंच आहे. कलाबाईंनी गॅलरीच्या कठड्यावरून खाली पाहिलं. टेबल पाहिलं, मशीन पाहिलं.

"साहब, हर साल मैं ऊपर आई," त्या म्हणाल्या. "आज आप आओ."

परागनं मोबाइल साहेबांकडे वळवला. केवलरामांचे गुडघे दुखरे होते, हे सगळ्या कचेरीला ठाऊक होतं. पण मशीन बगलेत धरून बावीस पायऱ्या त्यांना चढाव्याच लागल्या. मधल्या वळणावर ते थांबले आणि कठडा धरून दम घेत राहिले. त्यांच्या हातात कुणी पिशवी दिली नाही, हे त्यांचं नशीब. वर पोचून त्यांनी मशीन पुढं केलं. कलाबाईंचा अंगठा पहिल्याच झटक्याला जुळला. पावती त्यांनी दोनदा वाचली आणि घडी करून कमरेच्या बटव्यात ठेवली.

खालून दयारामनं तयार असल्याची खूण केली. कलाबाईंनी थोडं थांबायला सांगितलं. दरवर्षी त्यांना जिन्यातून थेट खोलीत नेत; आज पहिल्यांदाच गॅलरीतून प्लांटच्या चिमण्या दिसत होत्या, रांगेनं. भाऊ रोज कुठं जायचा ते त्या इतकी वर्षं नुसतं ऐकत आल्या होत्या; त्यांच्या खिडकीतून शेजाऱ्याचा कूलर दिसे. अर्धा तास त्या बघत बसल्या. त्यांना फार बरं वाटत होतं. मग त्या उतरल्या.

संध्याकाळपर्यंत खुर्सीपारभर दयारामचं नाव झालं. कचेरी आता कायमची खाली राहणार, असा हुकूमही निघाला. चहाच्या टपरीवर लोकांनी त्याची पाठ थोपटली. एवढी मोठी कचेरी खाली उतरवली, तीही कागदाविना! छाती फुगवून तो कलाबाईंच्या खोलीत शिरला.

"बाई, आता जिन्याची कटकटच मिटली. पुढच्या सालपासून सगळं खालीच."

कलाबाईंचं मशीन थांबलं. त्यांनी दातानं दोरा तोडला आणि चष्म्यावरून भावाकडे पाहिलं.

"खाली?" त्या म्हणाल्या. "हे कोनं कराले सांगतलं होतं तुले? मंग मले वर कोन नेईन?"